लोर्कन पुंड दोनदा मारिला त्याची हकीकत

श्रीचरणीं मस्तक ठेवून लेखणी हाती धरिली. साहेबांनी पुसिले की, नदीच्या उताराचे ठाणे बाईमाणसाचे हाती कैसे गेले ते साद्यंत लिहिणे. त्यावरून ऐकिले तैसे लिहितो. शके नऊशें बारा, विकृतिनाम संवत्सरे, कार्तिक मासीं, उत्तरसमुद्रातील हिरव्या बेटावर एक राज्य होते. तेथे पाऊस फार, गुरे फार, आणि शूर तर गुरांहून फार. राज्याचे मधोमध मोठी नदी, ती पायी ओलांडावयास उताराची जागा एकच, आणि त्या उतारावर लोर्कन नामे पुंड लाकडी गढी बांधोन वीस वर्षे बसला होता. येत्याजात्याची गुरे अडवी, राजियाची आज्ञा मानीना. तो आश्विनात मेला ऐसी खबर आली, आणि मग एकाच दिवशी दोन सरदारांचे जासूद दरबारी आले की लोर्कन आमच्या धन्याने मारिला. एक सरदार दुनगल, बेटाचाच, थोर कुळीचा. दुसरा केटिल, थंड मुलुखातून गलबते घेऊन लुटीस आला आणि हवा मानवली म्हणोन राहिला. राजे शहाणे, दोघांपैकी कोणास खोटे म्हणावे हे त्यांस परवडेना. मग मेजवानी मांडिली.

त्या देशीची चाल ऐसी की, अख्खे रानडुकर भाजोन सभेत आणावे, आणि पहिला वाटा सर्वांत शूर असेल त्याने घ्यावा. शूर कोण हे बोलोन ठरवावे. एकाने आपला पराक्रम सांगावा, दुसऱ्याने तो मोडावा, ज्यास उत्तर सुचेना तो हरला. राजे बोलिले, "जिंकेल त्यास वाटा आणि उताराचे ठाणेही. गढीत लोर्कनची चाळीस माणसे आहेत, ती राखावी की मारावी हेही त्यानेच ठरवावे." लोर्कनची बायको गोर्मला त्याच माणसांसाठी पदर पसरावयास गढीच्या किल्ल्या घेऊन आली होती. तीस राणीजवळ बसविले आणि मद्याचे शिंग फिरवावयास दिले, कां की आल्यागेल्या विधवेस मान द्यावा ही तेथील रीत.

दोन प्रहरीं डुकर आले. केटिल उठोन बोलिला, "मी सात बेटे लुटिली. माझे शीड दिसताच मठांतील घंटा आपोआप वाजतात." दुनगल बोलिला, "घंटा भिक्षू वाजवितात, केटिलराव. तुम्ही परत निघालात म्हणोन." सभा हासली आणि केटिल तांबडा झाला. मग दुनगलाने अंगरखा उतरवोन खांद्यावरील वण दाखविला की, हा मोठ्या लढाईतील. केटिल बोलिला, "वण खरा, परंतु पाठीकडे आहे. भाला आमचाच होता, परत करणे." ऐसे बोलता डुकर निवाले, आणि कोणी हरेना. शेवटी दोघेही लोर्कनावर आले. दुनगल बोलिला, "उताराच्या पाण्यात सकाळपासून दोन प्रहरांपर्यंत झुंजलो आणि त्याचे मस्तक छाटिले." केटिल बोलिला, "मस्तक कोठून छाटाल? ते मी कुऱ्हाडीने उभे चिरोन समुद्रात टाकिले होते."

गोर्मला शिंग घेऊन दोघांमध्ये उभी होती. तिने शिंग खाली ठेविले आणि राजियास मुजरा करून हळूच बोलिली, "महाराज, मस्तक धडासकट आहे. मीच पुरिले. खारवलेला मासा नासला होता, नको म्हटले तर ऐकिले नाही. तीन दिवस पोटात कळा आल्या आणि चौथ्या दिवशी माझ्या मांडीवर गेले. वाईट होते, मला ठाऊक आहे. परंतु एकदा मेले तितके पुरे."

राजे बोलिले, "बाई, हे सरदार खोटे बोलतात म्हणता काय?"

ती बोलिली, "मी कोणास खोटे म्हणत नाही. त्यानंतर चाळीस दिवस गढी मी राखिली. दार लाविले, निखारे विझू दिले नाहीत, भिंतीवर रोज माणूस उभा केला. या दोघांपैकी कोणी आला असता तर मी पाणी विचारिले असते."

दुनगलाने केटिलाकडे पाहिले, केटिलाने छताकडे. राजियाने हळूहळू शंभर श्वास मोजिले. उत्तर कोणास सुचेना. मग राजे स्वतः सुरी घेऊन उठले, पहिला वाटा कापिला आणि बाईपुढे ठेविला. ती जेविली नाही. पानात बांधोन घेतला आणि बोलिली, "माणसे उपाशी आहेत." किल्ल्या तिच्याच कमरेस राहिल्या.

दोघे सरदार पुढे पुष्कळ वर्षे जगले, आणि जेथे जेथे जेवावयास बसले तेथे तेथे सांगत गेले की, त्या दिवशी बाईमाणसाची भीड पडली म्हणोन आम्ही मुद्दाम मुके राहिलो. हे मात्र दोघांनी एकसारखे सांगितले. गोर्मलाबाईंनी ठाणे अकरा वर्षे केले. गुरे अडविली नाहीत, चाळीस माणसांतील एकही दगावले नाही, पूर आला तेव्हा पैलतीरीच्या लोकांस दोर टाकोन ओढिले. लढाई एकही झाली नाही. सबब भाटांनी त्यांचे नावे कवन केले नाही, आणि दरबारी दप्तरात त्या अकरा वर्षांची पाने कोरी आहेत. जे लोकांचे तोंडी होते ते लिहिले. इति.