सहा पान्तेलीस

आर्गिरोने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साफसफाई काढली. बेटावरच्या नगरपालिकेत कोणी कुठला संगणक उघडायचा, हे ठरवणारा डिरेक्टरी सर्व्हर आता तिच्या ताब्यात होता. त्याच्या यादीत ‘पान्तेलीस कुवारास’ हे एकच नाव सहा वेळा ठाण मांडून बसलं होतं. तिने पहिलं ठेवलं, बाकीची पाच उडवली आणि कॉफी ढवळली.

शेजारी निवृत्त थ्रासोसकाकांची वही पडली होती, सर्व्हरच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय लिहिलेली. तिने ती चाळून बाजूला टाकली होती. ‘अडचण तीन: ताजं करण्याचं बटण दाबलं की खिडकी गायब होते. उपाय: दाबू नये.’ असल्या उपायांना ती काय भीक घालणार!

तेवढ्यात दारात मिठाईचा डबा आला, मागोमाग टक्कल.

“घे पोरी, आज आमच्या नावाच्या संताचा सण! मी पान्तेलीस, जन्मनोंदणीतला. अगं, संगणक मला ओळखच देत नाही.”

घास तोंडात असतानाच दुसरा डबा आला. “मी पान्तेलीस, बंदरातला.” मग तिसरा, मग चौथा.

“तुम्ही सगळेच पान्तेलीस?”

“आजोबांचं नाव! त्यांना पाच मुलगे, पाचही जणांनी आपापल्या थोरल्याला तेच ठेवलं. तुझ्याकडे नाही ठेवत?”

ठेवतात की. खुद्द तिलाही आजीचंच नाव होतं. तिने मिठाई खाली ठेवली; पुसलेली पाच नावं एकाच माणसाची नव्हती.

पाचवा पान्तेलीस मात्र डब्याशिवाय, धापा टाकत आला. “पिण्याचं पाणी घेऊन जहाज धक्क्याला लागलंय! टाकीची झडप माझ्या संगणकावरून उघडते, आणि मला आत शिरता येत नाही. कप्तान एकला निघतो म्हणतोय. मग पुढचं पाणी थेट मंगळवारी! सणाला गाव भरलंय, लोकांना काय पाजू?”

साडेबारा वाजले होते. आर्गिरोने घाईघाईने त्याचं नाव नव्याने चढवलं. यंत्राने ते घेतलं, पण झडपेला हात लावू देईना. तिने वही ओढली. ‘अडचण सतरा: नव्या नोंदीला अधिकार दुसऱ्या दिवशी मिळतात. उपाय: काल करायला हवी होती.’

तिने थ्रासोसकाकांना फोन लावला. पलीकडे सोंगट्या आपटत होत्या.

“काका, मी पाच पान्तेलीस पुसले.”

सोंगट्या थांबल्या. “ठेवलास कुठला?”

“सगळ्यात वरचा.”

“मग रडतेस कशाला? तो आजोबा आहे.”

“ते कुठल्या खात्यात असतात?”

“स्मशानात. वीस वर्षं झाली. त्याला मी पाचही नातवांचे अधिकार देऊन ठेवलेत. पासवर्ड म्हणजे त्याच्या गाढवाचं नाव.”

आर्गिरो मागे वळली. “आजोबांच्या गाढवाचं नाव काय होतं?”

“मारिगो!” पाचही जण एका आवाजात म्हणाले, आणि जन्मनोंदणीतल्याचे डोळे भरून आले.

एकला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर ओळ उमटली: ‘पान्तेलीस कुवारास यांनी झडप उघडली.’ खिडकीबाहेरचा पाइप धडधडू लागला. पाण्याच्या पान्तेलीसने टोपी काढली. आर्गिरोच्या अंगावर सरसरून काटा आला. वीस वर्षांपूर्वी गेलेला म्हातारा अख्ख्या गावाला पाणी पाजत होता!

तिने वही दोन्ही हातांनी उचलली आणि या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचली.

‘अडचण एकतीस: नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात सारखी नावं पुसतो. उपाय: आजोबांना सगळ्यात वर ठेवावं. पहिलं नाव कोणी पुसत नाही.’