टँटी युफीची बिनकटकटीची सुट्टी

"माझ्या घरी आलेल्या पाहुण्याला कटकट? अहो, डाससुद्धा आधी मला विचारेल आणि मगच चावेल!"

रविवारची प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या पायरीवर उभी राहून टँटी युफीनं ही घोषणा केली, तेव्हा तिच्या हॅटवरचं जांभळं फूलसुद्धा ऐटीत डोलत होतं. ग्रेनेडाजवळच्या छोट्या कारियाकू बेटावरच्या आमच्या गावात युफीमिया मॅकलॉरेन्सला सगळेच टँटी म्हणतात, म्हणजे मावशी. पण मावशीपणा नावापुरता. प्रत्यक्षात ती बोलते आणि गाव ऐकतं. त्या दिवशी तर सगळ्यांनी कान टवकारले होते, कारण बातमीच तशी होती. टँटीच्या घरामागच्या दोन नव्या खोल्यांना पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं!

या खोल्यांवर टँटीचा जीव टांगणीला लागला होता. तिचा नवरा ऑस्बर्ट उभा जन्म मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होता. संसार झाला तो पत्रांत आणि नाताळच्या सुट्टीत. आता कुठे म्हातारपणी घरी येऊन टेकला, तर जहाज कंपनीच्या दलालानं पुन्हा बोलावणं धाडलं. ऑस्बर्ट म्हणाला, "युफी, खोल्या चालल्या तर राहतो. हे पहिले पाहुणे खूश होऊन गेले आणि त्यांनी आणखी चार जणांना सांगितलं, तर दलालाला नाही म्हणतो. नाहीतर मला निघावंच लागेल गं." टँटी दिवसभर त्याच्या नावानं खडे फोडायची, पण त्यानं दलालाचं नाव काढलं की तिच्या हातातला डाव थांबायचा. त्याला ती पुन्हा जाऊ देणार नव्हती!

जाहिरात टँटीच्या ग्रेनेडातल्या भाचीनं इंटरनेटवर टाकली होती. 'जोडप्यांसाठी स्वस्त, आरामशीर खोल्या. समोर समुद्र. कटकट अजिबात नाही.' आठवड्याभरात बार्बाडोसहून फोन खणखणला.

"मी कार्लाइल गिटेन्स बोलतोय. ते कटकट नाही असं लिहिलंय, ते खरं ना हो? गेल्या खेपेला एका बेटावर गेलो, तर दर दोन पावलांवर कुणीतरी गळ्यात मण्यांची माळ घालून पैसे मागायचं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली आमच्या. खिसा बेताचाच आहे, पण जरा निवांतपणा मिळावा म्हणतो."

"मिस्टर गिटेन्स, इथं एक जरी माणूस तुम्हाला आडवा आला, तर मी युफीमिया नाव लावणार नाही!"

आणि म्हणून ती चर्चच्या पायरीवर उभी होती.

"नीट ऐका! पाहुण्यांना कुणी काही विकायला जायचं नाही. काही मागायचं नाही. काही विचारायचं नाही. आणि गुड मॉर्निंगसुद्धा म्हणायचं नाही!"

आमच्याकडे चोरालासुद्धा आधी गुड मॉर्निंग म्हणतात आणि मग धरतात.

"गुड मॉर्निंगसुद्धा नाही?" दुकानवाल्या मिस आयोननं छातीवर हात ठेवला.

"नाही! तुमचं गुड मॉर्निंग मला चांगलं ठाऊक आहे. सकाळी सुरू होतं आणि जेवायच्या वेळेला संपतं. तू कुणाचा, तुझी आजी कुठल्या गावची, गुडघे कसे आहेत..."

"गुडघ्यांची चौकशी म्हणजे कटकट का गं?" म्हाताऱ्या मदर लव्हिनियानं दुखावलेल्या आवाजात विचारलं.

"चौकशी नाही मदर, पण त्यानंतर तुमच्या गुडघ्यांची जी हकिगत सुरू होते, ती कटकट!"

गाव तयार झालं. टँटीसाठी नव्हे, ऑस्बर्टसाठी. लग्न असो की मयत, गावजेवणाच्या मोठ्या हंड्याशी उभं राहायला ऑस्बर्टच लागायचा. तो समुद्रावर गेला तर आम्ही खायचं काय?

बुधवारी दुपारी पाहुणे फेरीबोटीतून उतरले. कार्लाइल गिटेन्स हे पोस्टमन होते. घरोघरी पत्रं आणि त्यापेक्षा जास्त गप्पा वाटण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांच्या बायकोचं, रोझलीनचं, बायकांचे केस कापण्या-सजवण्याचं दुकान होतं. म्हणजे दोघंही बोलण्यावर जगणारी माणसं! पण हे टँटीला कुठं माहीत?

"गुड आफ्टरनून!" मिस्टर गिटेन्स धक्क्यावरून मोठ्यानं म्हणाले.

व्हॅनवाल्या फिट्झीनं बॅगा उचलल्या, गाडीत टाकल्या आणि स्टिअरिंगकडे डोळे लावून बसला. त्यानं रेडिओसुद्धा बंद केला होता. फिट्झीच्या व्हॅनचा रेडिओ आजवर फक्त चक्रीवादळात बंद पडला होता.

"कुणी गेलं का हो गावात?" रोझलीननं घ्यायला आलेल्या ऑस्बर्टला गाडीत हळूच विचारलं.

ऑस्बर्टला बायकोची ताकीद होती. तो नुसता प्रेमळ हसला आणि खिडकीबाहेर बघू लागला. रोझलीननं ते हसू दुःखाचं समजून आपल्या हातातला रुमाल त्याला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोको चहा आणि गरमागरम तळलेले बेक, म्हणजे पुरीसारखे फुगलेले पाव, खाऊन मिस्टर गिटेन्स फेरफटका मारायला निघाले. भिंतीवर बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी गुड मॉर्निंग घातलं. म्हातारा वळून भिंतीकडे तोंड करून बसला. नळावरच्या दोघी बायका बादल्या तशाच टाकून झुडपाआड गेल्या. मिस आयोननं पाव दिला, सुट्टे दिले, पण ओठ इतके घट्ट मिटले होते की तिचे गाल फुगले. शेवटी एका बकरीनं तेवढं उत्तर दिलं. मिस्टर गिटेन्स तिच्यापाशी बराच वेळ थांबले.

परत आले ते पांढरेफटक पडून. "रोझलीन, आपलं काहीतरी चुकलंय. अख्खं गाव आपल्यावर रागावलंय."

"तुझी चड्डी! पोस्टमनची चड्डी घालून गावात हिंडलास, म्हणून असेल. लोकांना वाटलं असेल, कसले उघडे पाय!"

"मग काल काय होतं? काल फुलपँट होती ना!"

"मग माझी हॅट. मी धक्क्यावर हॅट घातली नव्हती."

दुपारी दोघं बाहेर पडले ते चर्चला निघाल्यासारखे. तो कोटात, ती हॅट आणि हातमोज्यांत, आणि डोक्यावर कडकडीत ऊन! दिसेल त्याला वाकून नमस्कार करत सुटले. गाव हवालदिल झालं. ही माणसं आपली परीक्षा घेतायत की काय? मदर लव्हिनियानं त्यांना समोरून येताना पाहिलं, आणि बोलायचा मोह आवरेना म्हणून ॲप्रनचा पदर तोंडात कोंबून ती घरात पळाली. तिचे गुडघे इतके चांगले आहेत हे गावाला त्या दिवशी कळलं.

तिकडे टँटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती आणि तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. "बघ ऑस्बर्ट, कसे व्हरांड्यात बसलेत! दोघंच. कुजबुजतायत. ह्याला म्हणतात निवांतपणा!"

"निवांतपणा? अगं, तो माणूस सकाळी बकरीला आपल्या धाकट्या भावाचा घटस्फोट सांगत होता."

"त्याला प्राणी आवडत असतील."

संध्याकाळी ऑस्बर्टनं पलंगाखालून आपली खलाशी पिशवी ओढली आणि तिच्यावरची धूळ झटकली. ते टँटीनं पाहिलं. तिनं काय केलं? तिनं गावाला आणखी गप्प केलं. शुक्रवारी कोंबडेसुद्धा झाकून ठेवा म्हणून निरोप फिरवला!

शनिवारी मात्र गाव गप्प राहणं शक्यच नव्हतं. कप्तान हेझकायाची नवी होडी पाण्यात जायची होती. दोन वर्षं किनाऱ्यावर ती बांधत होते. अशी होडी पाण्यात जाते तेव्हा आमच्याकडे देवाचं पाणी शिंपडतात, त्यावर रम शिंपडतात, ढोल वाजतात, हंडे चढतात, आणि होडीला जाड दोर बांधून अख्खं गाव ओंडक्यांवरून तिला समुद्रात ओढतं. ढोलाचा आवाज टँटीच्या व्हरांड्यात पोचला. आणि या दोघांना कुणी 'या' म्हटलं नव्हतं.

तिथं मात्र हद्द झाली. मिस्टर गिटेन्स कोट चढवून, बॅगा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "आम्ही निघतो, मॅडम. दुपारच्या बोटीनं."

टँटीच्या हातातला नीरफणस खाली पडला. "अहो पण का? काही कमी पडलं का?"

"नाही नाही. काहीच कमी नाही. काहीच नाही!"

फिट्झी व्हॅन घेऊन आला. मागे पाहुणे, पुढे ऑस्बर्ट, आणि ऑस्बर्टच्या मांडीवर चढून बसल्यासारखी टँटी, कारण एवढ्यात काहीतरी चमत्कार होईल अशी तिला वेडी आशा होती. पण धक्क्याचा जवळचा रस्ता किनाऱ्यावरून जातो. तिथं रस्त्याच्या मधोमध दोर आणि दोराला चिकटलेलं गाव! व्हॅन थांबली.

होडी अडकली होती. निम्मी तरणी पोरं क्रिकेटचा सामना खेळायला ग्रेनेडाला गेली होती आणि उरलेल्यांच्या जोरानं होडी तसूभर हलत नव्हती. कप्तान हेझकाया घामानं निथळत व्हॅनकडे वळला. त्यानं पोस्टमनचे खांदे पाहिले. रोझलीनचे दंड पाहिले. मग टँटीकडे पाहिलं. अख्ख्या गावानं टँटीकडे पाहिलं. टँटीनं डोळे वटारले. पाहुण्यांना काही मागायचं नाही! ढोल थांबले.

आणि मिस्टर गिटेन्सचा बांध फुटला. ते व्हॅनमधून उतरले आणि रस्त्यात उभे राहून ओरडले, "अहो, आमचं चुकलं काय ते तरी सांगा! तीन दिवस गुड मॉर्निंग म्हणतोय मी! माझ्या हद्दीतले कुत्रेसुद्धा मला उत्तर देतात!"

मदर लव्हिनियाच्या तोंडातला ॲप्रन गळून पडला. "अरे माझ्या राजा," ती रडवेली होऊन म्हणाली, "गुड मॉर्निंग! गुड मॉर्निंग! तू कुणाचा रे? आजी कुठली तुझी?"

झालं! अख्खं गाव एकदम सुटलं. तीन दिवसांचं साठलेलं गुड मॉर्निंग त्या दोघांवर कोसळलं. मिस आयोननं रोझलीनला छातीशी धरून एका दमात बारा प्रश्न विचारले. कुणी गुडघे दाखवले, कुणी गुडघे विचारले. पोस्टमननं आजीचं आडनाव सांगताच एकजण ओरडला, "नाक बघा! नाक हेझकायाचंच आहे!" आणि पुरावा कुणी मागितला नाही. पाहुणे पाच मिनिटांत नातेवाईक झाले आणि दहाव्या मिनिटाला दोराला लागले.

"टँटीनं बोलू दिलं नाही हो!" मिस आयोन दोर ओढता ओढता सांगत होती.

"म्हणजे तुम्ही रागावला नव्हता?"

"रागावलो होतो ना! टँटीवर!"

रोझलीननं हातमोजे फेकले, कंबर कसली आणि अशी काही तान घेतली की ढोलवाल्यांना तिच्या तालावर वाजवावं लागलं. होडी करकरली. सरकली. आणि मग अशी सुसाट सुटली की सगळ्यांनी दोर सोडला. पोस्टमननं सोडला नाही. कुणी सांगितलंच नव्हतं! ते कोटासकट होडीमागोमाग समुद्रात गेले, आणि वर आले तेव्हा हसून हसून त्यांना श्वास घेता येत नव्हता.

एवढ्या गोंधळात फिट्झी मात्र आज्ञेला जागला होता. कुणाला काही न विचारता, लांबच्या वाटेनं त्यानं बॅगा धक्क्यावर नेल्या आणि चोख फेरीबोटीत चढवल्या. बोट गेली. बॅगा गेल्या. पाहुणे राहिले. मिस्टर गिटेन्स पुढचे तीन दिवस ऑस्बर्टच्या पांढऱ्या जहाजी कपड्यांत गावभर हिंडले आणि मंगळवारपर्यंत त्यांना प्रत्येक घरातल्या गुडघ्यांची खडान्‌खडा माहिती झाली.

निघताना टँटीनं जीव मुठीत धरून विचारलं, "मग... आवडलं का?"

"शनिवारी तर धमाल आली," मिस्टर गिटेन्स म्हणाले. मग बायकोकडे पाहून चक्क लाजले. "पण खरं सांगू? ते आधीचे दिवस! कुणी बोलेना, म्हणून आम्ही एकमेकांशी बोललो. सकाळपासून रात्रीपर्यंत. पंचवीस वर्षांत जमलं नव्हतं ते."

"माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला नवऱ्यासकट पाठवते बघा," रोझलीन म्हणाली. "पण सगळं अस्संच हवं हं! आधी अबोला, मग होडी."

"अस्संच! अगदी अस्संच!" टँटी आनंदानं किंचाळली, आणि तिथल्या तिथे ऑस्बर्टकडून दलालाला नकाराचा फोन करवून घेतला. फोन ठेवल्यावर तिनं भर धक्क्यावर त्याच्या गळ्यात हात टाकले आणि ढसाढसा रडली.

रोझलीन शब्दाची पक्की निघाली. आता टँटीच्या दोन्ही खोल्या भरलेल्या असतात. बुधवारी पाहुणे येतात, गाव त्यांच्याकडे पाठ फिरवतं, आणि शनिवारी होडी पाण्यात जाते. पण दर शनिवारी नवी होडी आणायची कुठून? म्हणून सोमवारी पाहुणे जेवायला बसले की गाव गुपचूप तीच होडी ओढून पुन्हा वर आणतं. दर वेळी नवीन रंग फासतात, दर वेळी नवीन नाव देतात. कप्तान हेझकायानं मासेमारी सोडल्यात जमा आहे.

परवा मिस आयोननं ऑस्बर्टला दोराच्या सगळ्यांत पुढच्या टोकाला पाहिलं. खांद्यावर वळ, पायात गोळे, तोंडाला फेस.

"काय ऑस्बर्ट, घरी राहून सुखात ना?"

"सुखात ना!" ऑस्बर्ट धापा टाकत म्हणाला. "समुद्रावर जहाज मला वाहून न्यायचं. आता मी जहाज वाहतोय!"