कप तुह्याकडे

भुरे सरांच्या हातून चहा घेणं सोपं नाही. आमच्या आसगावात नवीन माणूस हमखास फसतो. सर कपबशी पुढे करतात, आपण धरतो, पण ते सोडत नाहीत. डोळ्यांत बघून म्हणतात, "कप तुह्याकडे." आपण "माह्याकडे" म्हटलं की मगच त्यांची बोटं सुटतात. तोवर दोघं एकाच बशीला धरून उभे.

सायकल, फावडं, मिठाची वाटी, सगळ्याला हाच नियम. एकदा शेजारच्या वहिनींचं बाळ परत देताना म्हणाले, "बाळ तुह्याकडे."

"मंग काय सरपंचाकडे जी?"

"तसं चालत नाही. माह्याकडे म्हन."

बाळ रडायला लागलं तेव्हा वहिनी म्हणाल्या एकदाच्या.

गावात त्यांना पायलट म्हणतात. "पायलट, आमचा धानाचा रोवणा वरून पाहून सांगता का?" असं पानठेल्यावर कोणी ना कोणी विचारतंच. सर पूर्वी दूरच्या एका क्लबात ग्लायडर शिकवायचे. मी विमान जवळून पाहिलेलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं तसंच सांगतो. ग्लायडरला इंजिन नसतं. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा, आणि दोघांपुढे एकेक दांडी. कोणत्याही दांडीने विमान वळतं.

"आता चालवून कोन राहिला, हे कसं कळन?" सर म्हणाले.

एकदा उतरताना ते कळलं नाही. वारा आडवा आला आणि सर "माह्याकडे" न म्हणता नुसतं "बघ" म्हणाले. पुढे बसलेल्या पोराला वाटलं, सरांनी दांडी घेतली. सरांना वाटलं, पोरगा धरून आहे.

"दोघायचेही हात मांडीवर. अन् विमान आपलं आपलं चाललं."

विमान आपटलं. पोराचा मणका मोडला. तो पुन्हा नीट चालू शकला नाही. चौकशीत चूक पोराची निघाली. तरी सरांनी शिकवणं सोडलं.

"पण चूक तर त्याची होती न, सर?"

"शिकवत मी होतो न बे."

सरांची बायको, आमच्या काकू, मात्र सरांनी तोंड उघडायच्या आधीच म्हणायच्या, "हो जी, माह्याकडे." त्यांना मूलबाळ नाही. दिवसभर त्या घरातून हेच ऐकू यायचं.

या हिवाळ्यात काकू आजारी पडल्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून कागद वाचायला सरांनी मला नागपूरला सोबत नेलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी त्यांनी स्ट्रेचर धरून ठेवलं. "पेशंट तुह्याकडे."

"बाबाजी, हात काढा न," वॉर्डबॉय म्हणाला.

सरांनी पुन्हा म्हटलं. त्याने तसंच स्ट्रेचर आत ओढलं. दार लागलं. काकू तिथून परत आल्या नाहीत.

अस्थी पवनीला वैनगंगेत सोडायच्या होत्या. सर कमरेइतक्या पाण्यात मडकं धरून उभे राहिले. काठावरून काकूंचे भाऊ म्हणाले, "जवाईबापू, सोडा न आता."

सर नदीकडे बघून हळूच म्हणाले, "तुह्याकडे."

आणि थांबले. पाणी वाहत होतं. काठावर कोणीतरी खोकलं. मी पाण्यात पुढे गेलो आणि मडक्याखाली हात धरले.

"माह्याकडे, सर."

त्यांनी माझ्या डोळ्यांत नीट बघितलं. मग एकेक बोट सुटलं.

मडकं हलकं होतं. तरी मला ते लगेच सोडवलं नाही.