पलंगाचे पाय आणि धारेची परीक्षा

"संध्याकाळपर्यंत पलंग उभा! खिळा नाही, स्क्रू नाही. हत्ती झोपला तरी हूं की चूं करणार नाही!"

अशी घोषणा करून मिलिमीटर बाल्कनीत शिरले. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते ब्रशवरची टूथपेस्टसुद्धा मापून घेत. गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं ते काही उगाच नाही.

"हत्तीचं राहू द्या," बायको आतून म्हणाली. "जमिनीवर झोपून झोपून माझ्या कंबरेचा भुगा झालाय. आज पलंग झाला नाही, तर माझा भाऊ लोखंडी पलंग आणणार. आणि जाताना तुमचं ते यंत्र भंगारात घालणार. सांगून ठेवते!"

ते यंत्र म्हणजे मिलिमीटरांचा जीव की प्राण. लाकडात चौकोनी भोक पाडणारं! टेबलावर बसवलेलं, वरून खाली येणारी पोकळ चौकोनी पटाशी, तिच्या पोटात गरगरणारं गिरमिट. भोक पडलं की त्यात दुसऱ्या लाकडाची कूस, म्हणजे चौकोनी तासलेलं टोक, ठोकायची. झाला सांधा!

मिलिमीटरांनी पलंगाचा पाय यंत्राखाली धरला आणि दांडा ओढला. भोक पडलं नाही. धूर मात्र निघाला.

"अहो, काय करपलं?"

"घर्षण आहे!"

"जे काय असेल ते विझवा आधी!"

गिरमिट पटाशीला आतून घासत होतं. मिलिमीटरांनी दोघांत नखाएवढी फट ठेवली, नव्या जोडप्यात ठेवावी तशी. मग निमुळता दगड पटाशीच्या तोंडात घालून आतून धार लावली, बाहेरच्या बाजू सपाट दगडावर घासल्या. हातावरचे केस कापून पाहिले. उजवा हात गुळगुळीत झाला, तेव्हा डावा घेतला.

आता परीक्षा! पण टाकाऊ लाकडाचे तुकडे बायकोने कालच झाडून फेकले होते. मिलिमीटरांनी पलंगाच्या पायाकडे पाहिलं.

"ही बाजू आत जाणार," ते स्वतःशी म्हणाले. "कोण बघतंय?"

भोक पडलं. लोण्यात पडावं तसं! शेजारी दुसरं पाडलं, तर दोघांच्या रेषा जुळेनात. पटाशी केसभर तिरकी बसली होती. काटकोन तपासायचा गुण्या लावला, सरळ केली, पुन्हा पाडलं. आता बाजू उरली नाही, म्हणून पाय फिरवला. ही बाजू भिंतीकडे जाणार होती.

पलीकडच्या बाल्कनीतून शिंपी डोकावले.

"वा! काज करावं तसं भोक! कोपरे बघा! अजून एक होऊन जाऊ द्या!"

कलावंताला दुसरं काय हवं? दुसरा पाय आला. शिंप्यांनी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना हाक मारली. ते दवाखाना तसाच टाकून आले, भोकात डोळा लावला आणि म्हणाले, "इतकं सरळ माझ्या हातून आजवर पडलेलं नाही!" त्यांच्या मागून आलेला पेशंट गालावरचा हात काढून गुपचूप घरी निघून गेला.

"एकदा मी ओढू का दांडा?" डॉक्टरांनी लाजत विचारलं.

तिसरा पाय डॉक्टरांचा. चौथा, कठडा ओलांडून आलेल्या शिंप्यांचा. टाळ्या, आरडाओरडा, भुसा! दारावरची बेल कुणाला ऐकू येणार?

मेहुणा थेट बाल्कनीत येऊन उभा राहिला. त्याने एक पाय उचलला, बासरीसारखा उलटासुलटा केला आणि भोकातून मिलिमीटरांकडे पाहिलं.

"दाजी, हा पलंग फुंकायचा की झोपायचा?"

प्रेक्षक पसार झाले. लोखंडी पलंग वर चढला. मेहुण्याने मग यंत्राला हात घातला. मिलिमीटर त्याला असे बिलगले, की दोघांना सोडवायला मेहुणाही कचरला.

"अगं, धार बघ तरी!" ते कळवळून म्हणाले. "रेषा बघ! केसाचा फरक नाही!"

बायकोने एक पाय हातात घेतला. भोकांत बोट घालून पाहिलं. मग तो स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर आडवा ठेवला. थोडा खडखडाट झाला.

"यंत्र राहू दे रे," ती आतून म्हणाली.

मिलिमीटरांचा ऊर भरून आला. शेवटी हिला कला कळली!

"सगळे चमचे, झारे आणि पळ्या मावल्या," ती म्हणाली. "लाटण्यासाठी तेवढं एक भोक मोठं पाडा. आणि अहो, वाकडं पडलं तरी चालेल!"