पाषाणभेदाचे सामुदायिक संगोपन

सूर्यप्रकाश मिळाला नाही की बहुतेक वनस्पती खुरटतात. समित्या मात्र सावलीतच फोफावतात. आमच्या इमारतीच्या मागे, कुंपणाची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ऊन कधी फिरकत नाही. तिथे फुटक्या फरशा, विटांचे तुकडे आणि एक बिनचाकाची सायकल गुण्यागोविंदाने नांदत होती.

मग सेक्रेटरींची आत्या राहायला आली. आत्या निवृत्त नर्स, एकटी राहणारी. बाथरूममध्ये एकदा तिचा पाय घसरला, आणि भाच्याने तिला सामानासकट उचलून आणले. त्या सामानात एक कुंडी होती. गोल लवदार पाने, पांढरट शिरा, आणि खाली लोंबणारे लाल दोरे. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एकेक पिल्लू. "पाषाणभेद," आत्या म्हणाली. दगडाच्या फटीतून वाट काढतो म्हणून हे नाव. (समितीशी त्याची गाठ अजून पडायची होती.)

आत्याने तो मागच्या पट्टीत, फुटक्या फरशांच्या मधोमध खोचला. सावली हवी, खडी हवी, पाणी बेताचे. बाकी त्याचे तो बघतो, एवढेच तिने सांगितले. दुपारी ती तिथे उलट्या बादलीवर बसून वाळकी पाने खुडायची. बघता बघता पाषाणभेदाने भिंतीचा पाया धरला आणि फुलपाखरांएवढ्या नाजूक पांढऱ्या फुलांचे तुरे काढले. इथवर सगळे ठीक होते. मग ते लोकांच्या लक्षात आले.

एवढी सुंदर गोष्ट कुणाच्याही देखरेखीशिवाय वाढते आहे, ही बाब इमारतीला शोभणारी नव्हती. पाषाणभेद संगोपन व संवर्धन उपसमिती एकमताने स्थापन झाली. (प्रस्तुत लेखक तिचा सन्माननीय सभासद आहे.) पाणी घालण्यासाठी मजलावार पाळ्या लागल्या. दुसऱ्या मजल्याने एक बादली घातली म्हणून तिसऱ्याने दोन घातल्या. तळमजल्याने माघार घेण्याचा प्रश्नच नव्हता. दगडात बिचाऱ्याचा जीव गुदमरत असेल म्हणून खडी उपसून चिकणमाती भरली. लोंबणारे दोरे गबाळे दिसतात म्हणून कात्रीने सारखे केले. खजिनदारांनी घरात उरलेली टॉनिकची बाटली उदार मनाने मुळाशी रिकामी केली.

आत्याच्या संगोपनातही हयगय झाली नाही. पट्टीत आता चिखल, म्हणून तिला खाली जायला बंदी झाली. "आत्या, तुम्ही नुसत्या बसा," सूनबाई, म्हणजे सेक्रेटरींची बायको, प्रेमाने म्हणायची आणि हातातले भांडे काढून घ्यायची. तिच्या चपला कपाटावर गेल्या. येणारा-जाणारा प्रत्येकजण तिला "चक्कर नाही ना येत?" असे विचारायचा, आणि महिनाभराने तिला ती खरोखरच येऊ लागली. काळजी किती रास्त होती, हे यावरून सिद्ध झाले.

इकडे पाषाणभेद गाभ्यापासून सडू लागला. उपसमितीच्या अहवालानुसार देखभालीत ऐंशी टक्के वाढ झाली होती आणि पानांत नव्वद टक्के घट. दोन्हींची बेरीज करता एकूण उलाढाल समाधानकारक होती. पाणी वाढवावे, असे ठरले.

आत्याने खिडकीतून ते पाहिले आणि भाच्याला बोलावून घेतले. "मारताय रे तुम्ही त्याला."

भाच्याने तिला रक्तदाबाची गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या घरात नव्हती. दाराशी सूनबाईच्या चपला नव्हत्या, आणि फ्रिजवर एक चिठ्ठी होती: मी बरी आहे, शोधू नका. तिला शोधायला अर्थातच सगळी इमारत बाहेर पडली.

ती सापडली दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या, तिने आपल्या पेन्शनमधून घेतलेल्या एका भाड्याच्या खोलीत. लिफ्ट नाही. सेक्रेटरी धापा टाकत वर पोचले तेव्हा ती स्टुलावर उभी राहून खिडकीची काच पुसत होती. ही खिडकी उत्तरेची, ऊन न येणारी. तिच्या कट्ट्यावर कान तुटलेल्या कपात खडी, आणि खडीत रुजलेले पाषाणभेदाचे पिल्लू. कात्री फिरली त्या दिवशी कचऱ्यातून तिने ते उचलले होते.

"बरी आहेस ना गं?"

"तू विचारलं नाहीस तर बरी असते." ती खाली उतरली. "चहा हवा असेल तर करून घे. मलाही टाक."

सेक्रेटरींनी चहा केला. दोघांनी तो खिडकीशी बसून घेतला. त्यांनी मला नंतर सांगितले, की आत्या इतकी ताठ बसलेली त्यांनी लहानपणानंतर पाहिलीच नव्हती, आणि निघताना आपल्याला का कोण जाणे रडू आले. मग सवयीने त्यांचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेला. आत्याने तो धरला. खडीचा कप कोरडाच राहिला.

त्या संध्याकाळी त्यांनी उपसमितीला खरे ते सांगितले: आत्या आणि पाषाणभेद दोघेही टवटवीत आहेत, आणि तिथे देखभाल अजिबात होत नाही. दुसरा मुद्दा ऐकून सभा सुन्न झाली. सेक्रेटरींच्या एकमेव विरोधाला न जुमानता आत्याच्या खोलीवर रोज आळीपाळीने जायचा ठराव मंजूर झाला.

उपसमिती फार मोठी नाही, पण हे वाचताना ज्यांच्या मनात "या वयात, एकटी, आणि तिसऱ्या मजल्यावर?" असे आले, त्या सर्वांना आम्ही सभासद करून घेतले आहे. येताना आपापली बादली आणावी.