बाहुल्यांची सोयरीक

"मी सांगतो ते तुमाला खरं वाटायचं न्हाई. आजवर कुनालाच वाटलं न्हाई. मलाच कधी कधी वाटत न्हाई," असं म्हणून रंगनाथने सुकडीच्या गोड पिठाचा तोबरा भरला आणि मिशीवरचा चुरा झटकला.

दुष्काळी कामावर दुपारची सुट्टी झाली होती. सोनईकडे जाणाऱ्या नव्या सडकेच्या कडेला खडीचे ढीग पडले होते आणि बाभळीच्या विरळ सावलीत माणसं कोंडाळं करून बसली होती. मागच्या एका ढिगावर मात्र एक बाई सुट्टी होऊनही हातोडी चालवत होती. आपला ढीग आजच पुरा करायचा असा तिने हट्ट धरला असावा.

"सांगा तरी," कोंडाळ्यातली राहीबाई म्हणाली. "खरं-खोटं आमी बगून घिऊ."

"मंग ऐका. लाकडाच्या बाहुल्यांचं लगीन, आन त्यात आख्खा गाव रुसला!"

तर झालं होतं असं.

रंगनाथ हा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा. शेती होतीच, पण चैत्रात यात्रा सुरू झाल्या की तो औत सोडून द्यायचा आणि पेटी डोक्यावर घ्यायचा. त्या पेटीत काकासाहेब असत. काकासाहेब म्हणजे पांगाऱ्याच्या लाकडाचा, दीड वीत उंचीचा, पोट सुटलेला बागाईतदार. जगातल्या कुठल्याही गोष्टीला आधी "न्हाई" म्हणायचं, हा त्यांचा बाणा. त्यांचा मुलगा गोरख बापाला घाबरून असायचा, आणि दर खेळात काकासाहेबांची एक चप्पल हरवायची. एवढ्यावर रंगनाथच्या बापाने चाळीस वर्षं माणसं हसवली होती.

सोनईपासून दोन कोसांवर एक गाव आहे. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते लोक अजून रुसलेले आहेत. तिथल्या यात्रेत पहिल्या दिवशी रंगनाथचा खेळ आणि दुसऱ्या दिवशी पुंजारामचा, ही रीत होती. पुंजाराम पाथर्डीकडचा. दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचा आणि चैत्रात परत आला की बाहुल्या काढायचा. त्याच्या पेटीत श्रीमंत नावाचा ऊसतोड्या होता. नाव श्रीमंत आणि धोतराला सतरा ठिगळं, पण तोंड असं फाटकं, की मुकादमापासून देवापर्यंत कुणाची भीड नाही. त्याची मुलगी कडू बापाच्या वरताण.

काकासाहेब वरच्या आळीचे आणि श्रीमंत खालच्या आळीचा, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं झालं होतं. श्रीमंतच्या खेळाला वरच्या आळीची माणसं यायची आणि न हसता बसून राहायची. काकासाहेबांच्या खेळाला खालची आळी तोंड फिरवून शेंगा खायची. मात्र एक नियम दोघांनाही सारखा होता. ज्याच्या खेळातून माणसं उभी राहिली, त्याचा पडदा त्या यात्रेत पुन्हा लागायचा नाही. रंगनाथच्या बापाच्या हयातीत एकदाही कुणी उठलं नव्हतं. मरताना त्याने पोराला शेताचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "मान्सं उठू दिऊ नको."

त्या वर्षी यात्रेत कुस्त्यांचा फड मोठा ठरला आणि दुसरा दिवस कुस्त्यांनी खाल्ला. पंचमंडळींचे प्रमुख आप्पासाहेब यांनी दोघांना बोलावलं.

"दिवस एकच हाय. दोघं मिळून एकच खेळ करा."

"म्हंजी?" रंगनाथ म्हणाला. "काकासायेब आन तो श्रीमंत एका पडद्यावर?"

"का? बाटत्यात का काय काकासायेब?" पुंजाराम भडकला.

"आमचे काकासायेब कुनाच्या दारात जात न्हाईत."

"आन आमचा श्रीमंत त्याच्या बांधावर मुतायला बी थांबत न्हाई!"

"ए, तोंड सांभाळून बोल. देवमानूस हाय तो."

"लाकूड हाय ते!" आप्पासाहेब ओरडले. "दोघांची बी लाकडं हायत. आन सांगून ठेवतो, रंगनाथ, पडदा तुझा लागंल. मान तुझ्या घरचा, तवा जोखीम बी तुझीच."

आता दोन घरं एकत्र आणायची, तर कारण काय? अर्धा दिवस डोकं खाजवून दोघांनी एक कारण काढलं. सोयरीक. काकासाहेबांचा गोरख आणि श्रीमंतची कडू यांचं लग्न लावायचं. लग्न म्हटलं की गाणं आलं, जेवण आलं, सगळी खूश. यात वाईट काय होणार?

पण या दोघांना एक गोष्ट सुचली नाही. आपल्याकडे लग्नाला प्रेक्षक नसतोच. जो येतो तो मुलाकडचा तरी असतो, नाहीतर मुलीकडचा.

उन्हं कलली आणि खेळ सुरू झाला. पडद्यामागे रंगनाथच्या हातात काकासाहेब आणि गोरख, पुंजारामच्या हातात श्रीमंत आणि कडू. बाजूला पुंजारामची बहीण मालन ढोलकीवर. श्रीमंतने पुढे येऊन हात जोडले आणि म्हणाला, "काकासायेब, आमची कडू तुमच्या गोरखला द्यायचं मनात हाय."

काकासाहेब म्हणाले, "बरं."

मग आक्काबाई बोलली. आक्काबाई म्हणजे वरच्या आळीतली सगळ्यात थोरली बाई. आजवर तिच्या संमतीशिवाय त्या आळीत कुणाचं बारसंही झालं नव्हतं.

"बरं? काकासायेब 'बरं' म्हनला? ए रंगनाथ, हे आमचे काकासायेब न्हाईत!"

"तेच हायत, आक्का," पडद्यामागून रंगनाथ म्हणाला.

"मागल्या साली ह्यो देवाच्या तीर्थाला 'न्हाई' म्हनला हुता! आन आज ऊसतोड्याच्या पोरीला 'बरं'? काय खायाला घातलंय त्येला?"

खालच्या आळीला खरं तर यावर हसू यायला हवं होतं. पण ती स्वतःच पेटली होती.

"आन आमचा श्रीमंत हात का जोडतोय? गेल्या साली त्यानं मुकादमाला हिरीत टाकला. आज ह्या ढेरपोट्याफुडं वाकतोय? पुंजाराम, लाज हाय का?"

"पोरीचा बाप हाय तो," पुंजाराम कळवळून म्हणाला. "पोरीचा बाप वाकतो!"

"दुसऱ्यांचा वाकतो. श्रीमंत न्हाई वाकत!"

रंगनाथने घाईने नवरा-नवरी पुढे आणली, म्हणजे लोकांचं लक्ष तिकडे जाईल. ते गेलं. पुंजारामच्या बाहुल्या दीड हात उंच. रंगनाथच्या दीड वीत. गोरख कडूशेजारी उभा राहिला, तो तिच्या कमरेला लागला.

"अगं बया," आक्काबाई म्हणाली. "पोर खुजं हाय व्हय? रंगनाथ, इतकी वर्सं तू ह्येला एकट्याला दाखवून फशिवलंस आमाला?"

"उंची कमी न्हाई हो, पोरगी थोराड हाय!" वरच्या आळीतून कुणीतरी सावरलं.

"थोराड कुनाला म्हनतो रे? ऊस तोडून अंग भरलंय तिचं. तुमच्या पोरासारकी ताकावर न्हाई वाढली!"

एव्हाना बसण्याची जागाही बदलली होती. वरच्या आळीच्या बायका आपणहून उजवीकडे सरकल्या, वरमाईकडच्या म्हणून. खालच्या आळीतल्या दोघीजणी कुणी न सांगता ताट-तांब्या घेऊन आल्या. मुलीकडचं म्हटल्यावर पाणी देणं आलं. पाणी देताना त्यांचं तोंड मात्र असं होतं, की पिणाऱ्याला ठसका लागावा.

तेवढ्यात आक्काबाईला मानपान आठवला.

"व्याह्याला फेटा कुठाय?"

"डोक्याला हाय की, आक्का," रंगनाथ म्हणाला.

"तो घरचा. मानाचा कुठाय? पोराच्या बापाला फेटा बांधल्याबिगर अक्षता पडत्यात का कुठं? आमी काय वाटंवर पडलोय?"

पुंजारामकडे बाहुलीला बांधायचा फेटा कुठून असणार? त्याने घाबरून हाताशी आलं ते फाडलं. ते श्रीमंतचं धोतर होतं.

खालच्या आळीतून जी आरोळी उठली, ती तिकडे घोडेगावच्या बाजारात ऐकू गेली, असं रंगनाथचं म्हणणं.

"आमच्या श्रीमंतला उघडा केला! सतरा ठिगळं हुती, पर अब्रू हुती! एवढ्या मान्सांत उघडा केला!"

पुंजाराम ते फडकं काकासाहेबांना बांधायला गेला आणि दोऱ्यांचा गुंता झाला. काकासाहेबांचा हात आणि श्रीमंतचा पाय एकाच दोरीला लागले. रंगनाथला हे कळलं नाही. त्याने काकासाहेबांचा हात प्रेमाने आशीर्वादाला वर केला, तर धोतर नसलेल्या श्रीमंतने पाय उचलून काकासाहेबांच्या पोटात लाथ घातली.

वरची आळी उभी राहिली.

"येवढा अपमान? उठा रं! वऱ्हाड माघारी!"

पुंजारामने पाय खाली घ्यायला दोरी ओढली, तर काकासाहेबांचा हात फिरला आणि श्रीमंतच्या थोबाडात बसला.

खालची आळी उभी राहिली.

"द्यायची न्हाई पोरगी! विहिरीत ढकलू, पर ह्या घरात न्हाई देनार!"

"आमाला तरी कुठं पायजे तुमची ती ताडमाड!"

"रंगनाथ!" आप्पासाहेबांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "मान्सं उठली रं! सगळी उठली! पडदा सोड!"

चाळीस वर्षांचा मान. रंगनाथच्या डोळ्यांपुढे बाप उभा राहिला, आणि तोही उठून चाललेला दिसला.

इथवर सांगून रंगनाथ सावकाश पाणी प्यायला. बाभळीखालची माणसं जवळ सरकली. मागच्या ढिगावरची हातोडी तेवढी चालू होती.

"मंग काय केलंत?" राहीबाईने विचारलं.

"ध्यान दिऊन ऐका. पुंजारामचे दोनी हात गुंत्यात अडाकल्याले. माजे दोनी हात काकासायबात. कडूची बाहुली खुंटीला टांगल्याली. तिच्या दोरीला मान्साचा हात न्हाई. आन मी मनात नाथाचं नाव घेतलं. मढीच्या कानिफनाथाची शपत घिऊन सांगतो, ती बाहुली खुंटीवरनं आपली आपन उतारली!"

"आपली आपन?"

"आपली आपन! चालत फुडं आली. कमरंवर हात ठिवला. आन आवाज काय म्हनता! 'गपा!' म्हनली. 'लगीन माजं, आन रुसता तुमी? आक्काबाई, तुमी लगीन मोडाया उठला का अक्षता टाकाया? सांगा पयलं!'"

खरोखर, त्या दिवसापर्यंत गावाला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दोन्ही आळ्या उभ्या होत्या, तोंडं उघडी होती. तेवढ्यात बाहुलीनेच मंगलाष्टक सुरू केलं, आणि शेवटचं 'सावधान' आलं तेव्हा सवयीने सगळ्यांचे हात वर गेले. कुणाकडे तांदूळ नव्हते, म्हणून शेंगांची टरफलंच पडली. आक्काबाईने तर नेम धरून श्रीमंतलाच मारली.

मग पंच बसले. माणसं उठली की नाही? आप्पासाहेबांनी तिथल्या तिथे निवाडा दिला, "उठली. पर अक्षता बसून कोन टाकतं? लग्नात उभं ऱ्हानं म्हंजी खेळातनं उठनं न्हवं." रंगनाथचा पडदा राहिला.

"आन ही अक्कल बाहुलीला कुनी दिली?" रंगनाथ छातीवर हात ठेवून म्हणाला. "माजं डोकं, आन नाथाची किरपा. पडद्यामागं मी असा उभा हुतो. खांबागत. एक पापनी हलली न्हाई. मंग लापशीच्या पंगती उठल्या, अकरा गावं जेवली..."

"अकरा?" राहीबाई म्हणाली.

"बारा. केडगावचं एक वऱ्हाड वाट चुकून आलं, ते बी जेवलं. आन बाहुली? जेवनं हुईस्तवर पाटावर बसून हुती. एका बाजूला कललीसुदीक न्हाई..."

मागच्या ढिगावरची हातोडी थांबली.

ती बाई उठली, पदराने तोंड पुसलं आणि कोंडाळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. ती मालन होती. पुंजारामची बहीण, जी दोन वर्षांमागे ढोलकी वाजवायला आली होती आणि त्याच वैशाखात लग्न होऊन रंगनाथच्या घरी आली. रंगनाथचा हात सुकडीच्या पुडीत जागच्या जागी राहिला.

"खोटं!" मालन म्हणाली. "साफ खोटं. खांबागत उभं म्हनं! ढोलकीच्या मागं पडद्यात तोंड घालून रडत हुता, 'बा गेला, बा गेला' म्हनून. ढोलकी टाकून खुंटीवरची दोरी मी घेतली. आवाज माजा, मंगलाष्टक माजं, आन आक्काबाईला इच्यारलं ते बी मीच."

"अगं, मान्सं हायत..."

"असूद्यात. म्हनं, बाहुली आपली आपन चालली!" तिने त्याच्या हातातली सुकडीची पुडी काढून घेतली. "अवो, दोन वर्सं झाली मला तुमच्या घरात येऊन. तिथं एक तरी वस्तू आपली आपन चाललीया का?"