रिंगणात वन्स मोअर

बाहेर डास चावत होते म्हणून प्रफुलभाऊ आत जाऊन बसले, एवढंच झालं. माणूस फसायला याहून मोठं कारण लागत नाही, राजेहो.

त्यांची पोरगी दिव्यानी आरमोरीच्या एका मंगल कार्यालयात थाई बॉक्सिंग शिकायला जायची. शिकवणाऱ्या पुनम मॅडम चंद्रपूरच्या. वयानं लहान, पण आवाज असा की ओळीतली पोरं श्वासही विचारून घ्यायची. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या प्रफुलभाऊंकडे पाहिलं.

"भाऊ, बसून काऊन राह्यले? उभे राहा, हात वर करा."

प्रफुलभाऊ सरकारी कार्यालयात बाबू. कोणी जोरात सांगितलं की आधी उभं राहायचं आणि कशासाठी ते नंतर विचारायचं, ही नोकरीची सवय. ते उभे राहिले, हात वर केले आणि नाव नोंदवूनच घरी आले.

रिनानं पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही. (हसली असती तर परवडलं असतं.)

"हार्मोनियम कुठी आहे?" तिनं विचारलं.

"माळ्यावर."

"शेळ्या?"

"विकल्या."

"इंग्रजी बोलाचा कोर्स?"

"तो चालू आहे."

"इंग्रजीत सांगा."

प्रफुलभाऊ पाणी प्यायला उठले.

"तुमी माणूस चांगले आहा," रिना म्हणाली, "पण एक गोष्ट शेवटाले नेली नाई आजपर्यंत. मले एकदा पाहाचं आहे. एकदाच. मंग जन्मात बोलणार नाई."

हे मात्र काळजाला लागलं. लाथाबुक्क्यांशी प्रफुलभाऊंना काही देणंघेणं नव्हतं. पण बायकोसमोर एकदा तरी काहीतरी पुरं करून ताठ मानेनं जेवायला बसावं, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

आता थाई बॉक्सिंग म्हणजे मूठ, कोपर, गुडघा, नडगी, अंगात जे जे टणक आहे ते समोरच्याला मारायचं. अडचण एवढीच की प्रफुलभाऊंच्या अंगात टणक असं काही नव्हतंच. त्यांनी सरावासाठी टांगलेल्या वाळूच्या पिशवीला पहिली लाथ मारली तेव्हा पिशवी जागेवर राहिली आणि ते पडले. कोपर मारायला गेले तर ते त्यांच्याच हनुवटीला लागलं (कसं, ते मॅडमनाही कळलं नाही). घरी दिव्यानी त्यांच्या नडगीला बाम चोळत सांगायची, "बाबा, मारा का नका मारू, पण श्वास तं घेत जा!"

एक गोष्ट मात्र जमली. लढतीच्या आधी जुन्या रिवाजानं गुरुवंदना करतात. वाद्यांच्या धूनवर रिंगणाच्या चारही बाजू फिरायच्या, गुडघ्यावर बसून गुरूला नमस्कार करायचा, मग हात पसरून संथ नाचायचं. नव्या पोरांना त्याचा कंटाळा. प्रफुलभाऊंचं बालपण मात्र गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या लोकनाट्यात, नाचण्यात गेलेलं. त्यांचे हात फिरले, कंबर लवली आणि पुनम मॅडम बघतच राहिल्या.

"भाऊ, लढाचं जमो का न जमो, पण ही वंदना मातर तुमच्यासारखी कोणाले येत नाई."

प्रफुलभाऊंनी यातला पहिला अर्धा भाग ऐकलाच नाही. त्या जोशात त्यांनी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी होणाऱ्या सामन्यांसाठी होकार देऊन टाकला.

मंडईला सगळा तालुका लोटतो. ज्या पटांगणात नाटकाचा मंडप पडायचा त्याच्या शेजारीच मॅडमनी रिंग बांधली. नवशिक्यांच्या लढतीत प्रफुलभाऊंच्या समोर अंकुश, ट्रॅक्टरच्या गॅरेजमधला मिस्त्री. दोघांचं वजन सारखं, फक्त अंकुशचं दंडात होतं आणि प्रफुलभाऊंचं पोटात. तीन फेऱ्या होत्या.

"पडले तं उठा," रिनानं निघताना सांगितलं. "जिंका-हराचं जाऊ द्या. अर्ध्यातून येऊ नका."

संध्याकाळी थंडी मी म्हणत होती. अंकुशनं घाईघाईनं वंदना उरकली. मग प्रफुलभाऊ उतरले. हात पसरले, एक पाय उचलला, मान हळूच वळवली. नाटकासाठी जागा धरून बसलेली सारी माणसं रिंगकडे सरकली. कलकलाट थांबला. वंदना संपली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

आमच्या या नाटकवेड्या मुलखात, झाडीपट्टीत, कलावंतानं वन्स मोअर नाकारायचा नसतो. नाकारला तर लोक मंडपाचे बांबू हलवतात. प्रफुलभाऊंनी परत पहिल्यापासून सुरू केलं. पंच चंद्रपूरहून आलेले. ते नियम आठवू लागले, पण गुरुवंदना मध्येच थांबवायची कशी? दुसरी झाली. "वन्स मोअर!" तिसरी सुरू झाली. उघड्या अंगानं उभ्या अंकुशचे दात वाजायला लागले.

"भाऊ, झालं का?" त्यानं कुडकुडत विचारलं.

"पब्लिक म्हणून राह्यली ना बाबू, मी काय करू?"

शेवटी घंटा झाली. आखडलेला असला तरी अंकुश अंकुशच. पहिल्याच फेरीत त्यानं मांडीवर अशी लाथ घातली की प्रफुलभाऊंना कार्यालयातले सगळे साहेब एका रांगेत दिसले. दुसऱ्या फेरीत त्यांनी सरळ अंकुशच्या गळ्यात हात टाकले. या खेळात तसं धरता येतं, धरून गुडघे मारायचे असतात. प्रफुलभाऊंनी नुसतंच धरलं, लेक सासरी जाताना आई धरते तसं. बायकांच्या रांगेतून हुंदकाही आला म्हणतात.

फेरी संपली. प्रफुलभाऊ कोपऱ्यात बसले. छाती भात्यासारखी चालू होती, मांडी हलेना. दोरीपलीकडे घरची वाट दिसत होती. आता बस, असं म्हणून ते अर्धे उठलेही.

तेवढ्यात रिना दिसली. ती ओरडत नव्हती. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होती आणि तिचे डोळे म्हणत होते, येऊ नका हो, आज येऊ नका. प्रफुलभाऊंना एकदम भरून आलं. ते वळले आणि लंगडत मधोमध जाऊन उभे राहिले.

तिसरी फेरी. अंकुश अंगावर आला. प्रफुलभाऊंना शिकवलेलं काहीही आठवेना. पण कार्यालयातल्या जुन्या कागदांच्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं आणि तळपाय सपाट मारल्याशिवाय उघडत नाही. पाय आपोआप तसाच गेला. थेट पोटात! अंकुश मटकन खाली बसला.

"अरे बापा! लागलं का रे बाबू?" म्हणत प्रफुलभाऊ त्याला उचलायला धावले. पंचांनी त्यांना ओढून बाजूला केलं. अंकुश उठला, पण सावरेपर्यंत घंटा झाली. तिन्ही फेऱ्यांत खाली बसला तो एकटा अंकुशच, म्हणून पंचांनी प्रफुलभाऊंचा हात वर केला. पटांगण दणाणलं, शिट्ट्या, टोप्या, काय काय उडालं!

रिना लुगड्यासकट दोरीखालून वर आली. "पुरं केलं हो तुमी!" ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर रडली. प्रफुलभाऊही रडले. एवढं सुख त्यांना लग्नातही झालं नव्हतं.

इतक्यात गर्दी कापत नाटक कंपनीचे मालक गुणवंतराव हार घेऊन पोचले.

"भाऊ, काय ते काम! अंगावर काटा आला!"

"ती लाथ ना?" प्रफुलभाऊ लाजत म्हणाले. "ती आपोआपच..."

"लाथ? कोणती लाथ? तुमचा नाच झाला आनं मी चहा प्याले गेलो. मारामारी झाली का?" गुणवंतराव जवळ सरकले. "आमची नाचणारी बाई ऐन सीझनात लगन करून गेली. तिच्यावानी लवणारी कंबर मी आजच पाह्यली. होळीपर्यंत प्रयोग आहेत. याल का?"

प्रफुलभाऊंनी मोठ्या आशेनं रिनाकडे पाहिलं. आता ही या माणसाला हाकलणार!

रिनानं अभिमानानं डोळे पुसले. "येतील ना! एक प्रयोग चुकणार नाई, माहा शब्द. फक्त लुगडं गडद रंगाचं द्या. फिक्क्यात ते जाड दिसतात."